कामापुरता राक्षस

व्हायोलेटच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. शिकून झालंय, पण त्या शिक्षणाला साजेशी नोकरी कुठे निघत नाही आणि हप्ता काही थांबत नाही. अशातच तिला एका केंद्रात काम मिळतं. पगार चांगला, सवलती चांगल्या. काम मात्र असं, की घरी सांगताना जीभ अडखळावी. केंद्रात येणारे ग्राहक मिनोटॉर आहेत, म्हणजे अंग माणसाचं आणि डोकं बैलाचं असलेले पुरुष. त्यांचं वीर्य गोळा करायचं आणि ते औषध कंपनीकडे जायचं. त्यापासून माणसांच्या लैंगिक दुर्बलतेवरची गोळी बनते.

सी. एम. नॅस्कोस्टा यांच्या ‘मॉर्निंग ग्लोरी मिल्किंग फार्म’ या इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात. लेखिकेने ती २०२१ मध्ये स्वतःच प्रकाशित केली. पुस्तक प्रौढांसाठीचं आहे, त्यात शरीरसंबंधांची उघड वर्णनं आहेत, आणि टिकटॉकवर ते गाजलं तेव्हा बऱ्याच जणांनी नुसता विषय ऐकूनच हसून घेतलं. मी वाचलं तेव्हा माझ्या लक्षात राहिला तो हप्ता. बैलाच्या डोक्याचा माणूस समोर आल्यावर नायिकेला जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त भीती तिला महिनाअखेरीची वाटते. ‘मॉन्स्टर रोमान्स’ या प्रकाराकडे मी तेव्हापासून गांभीर्याने पाहायला लागले. हा सगळा प्रकार आहे तरी काय आणि एवढे लोक तो मनापासून का वाचतात, ते इथे जमेल तितकं सोपं करून सांगते.

आधी ‘रोमान्स’ म्हणजे काय ते. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात हा शब्द सैलपणे वापरला जात नाही, त्याला नियम आहेत. गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेमाचं नातं हवं आणि शेवट सुखाचा, निदान आशेचा हवा. शेवटी नायिका मेली किंवा दोघं कायमची दुरावली, तर ती प्रेमाची गोष्ट असेल, पण रोमान्स या खणात ती बसत नाही. वाचक पैसे देतो ते या हमीवर. मॉन्स्टर रोमान्समध्ये याच्यावर आणखी एक अट येते: प्रेमिकांपैकी निदान एक जण माणूस नाही, आणि शेवटीही तो माणूस होत नाही.

ही दुसरी अट किती नवी आहे, ते जुन्या गोष्टीशेजारी ठेवलं की कळतं. सुंदर मुलगी आणि श्वापद ही फ्रेंच कथा १७४० साली मादाम द विलनव्ह यांनी सविस्तर लिहिली आणि १७५६ साली मादाम द बोमाँ यांनी तिचं आटोपशीर रूप केलं. आज जगभर सांगितलं जातं ते हे दुसरं रूप. तिच्यात शेवटी शाप सुटतो आणि श्वापदाचा देखणा राजपुत्र होतो. कुरूप नवऱ्यावर प्रेम करायला शीक, बक्षीस मिळेल, असा तो हिशोब. आजच्या कथांमध्ये शिंगं शेवटच्या पानापर्यंत शिंगंच राहतात, आणि बक्षीस म्हणून रूप बदलून दिलं तर आजची वाचक पुस्तक मिटून टाकेल.

बोमाँबाईंच्या कथेतली एक गोष्ट सहसा कुणाला आठवत नाही. मुलीचे वडील व्यापारी असतात, धंदा बुडतो आणि घराला गावाकडे जाऊन राहावं लागतं. तिथे ही धाकटी पहाटे ४ वाजता उठते, झाडलोट करते, सगळ्यांचं जेवण रांधते. बहिणी १० वाजता उठतात. पुढे श्वापदाच्या वाड्यात पोचल्यावर तिला एक दार दिसतं. त्यावर तिचं नाव लिहिलेलं असतं, आणि आत पुस्तकांचं मोठं कपाट, वाजवायला वाद्य, संगीताच्या वह्या. पहाटे ४ वाजता उठणाऱ्या मुलीला कुणीतरी मोकळा वेळ देऊ करतंय. प्रेम नंतर येतं, आधी ही खोली येते. आजच्या मॉन्स्टर रोमान्सचं बी मला या खोलीत दिसतं, शापात नाही.

आता ही पुस्तकं येतात कुठून, तेही सांगायला हवं, कारण कामाचा प्रश्न तिथेही आहे. ॲमेझॉनने २००७ मध्ये स्वतःचं ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सोय उघडली. २०१४ च्या जुलैत अमेरिकेत ‘किंडल अनलिमिटेड’ सुरू झालं (भारतात ते २०१५ मध्ये आलं). महिन्याची वर्गणी भरा आणि हवी तेवढी पुस्तकं वाचा. जुलै २०१५ पासून लेखकाला मोबदला मिळू लागला तो वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशोबाने. दर साधारण पानाला अर्ध्या सेंटच्या आसपास. म्हणजे ३०० पानांची कादंबरी कुणी शेवटपर्यंत वाचली, तर लेखिकेच्या हाती दीडेक डॉलर. पोट यावरच असेल तर भराभर लिहावं लागतं, मालिका लिहाव्या लागतात, आणि वाचकाला नेमकं काय हवंय ते ओळखावं लागतं. मोठ्या प्रकाशकाने ज्या हस्तलिखिताला हातही लावला नसता, त्याला या व्यवस्थेत वाचक मिळाला. पण वाट सरळ नव्हती. २०१३ मध्ये लैंगिक मजकुरावरून ओरड झाल्यावर ई-पुस्तकांच्या दुकानांनी अशा पुस्तकांवर झाडू फिरवला होता, आणि तेव्हा अनेक लेखिकांची पुस्तकं विक्रीतून काढली गेली.

रूबी डिक्सन यांची ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ ही मालिका २०१५ मध्ये अशीच सुरू झाली. परग्रहावर अडकलेल्या पृथ्वीवरच्या बायका आणि तिथले निळे, शिंगवाले पुरुष. ६ वर्षांनी, २०२१ मध्ये, टिकटॉकवरच्या वाचकांनी ती एकदम डोक्यावर घेतली आणि त्याच वर्षी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती छापील रूपात आणली. टाळेबंदीचा काळ होता तो. घरात कोंडलेल्या, दिवसभर पडद्यासमोर काम करणाऱ्या बायका रात्री ही पुस्तकं वाचत होत्या आणि लिहिणाऱ्या बायका पानागणिक मोजल्या जाणाऱ्या पैशावर ती लिहीत होत्या. गोष्टीत वारंवार नोकरी, भाडं, कर्ज आणि थकवा डोकावतो, त्याचं मला तरी नवल वाटत नाही.

व्हायोलेटकडे परत येऊ. तिचं काम स्पर्शाचं आहे, पण नियमावलीतला स्पर्श. वेळ ठरलेली, पद्धत ठरलेली, बोलायचं किती तेही ठरलेलं. वागणं मात्र आपुलकीचं हवं, कारण ग्राहक घाबरला किंवा ओशाळला तर काम होणार नाही. या प्रकारच्या श्रमाला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. त्यांनी दोन प्रकारचे नोकरदार पाहिले: विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे. एकीने कायम हसतमुख राहायचं, दुसऱ्याने कायम करडं. दोघांच्याही पगारात चेहरा धरलेला असतो. हॉकशील्डबाईंचा प्रश्न असा होता, की रोज ८ तास हसू विकल्यावर घरी येऊन जे हसू येतं, ते आपलंच आहे हे त्या बाईला कसं कळणार?

आपल्याकडे हे ओळखायला विमान लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला ज्या बाई येतात, त्यांना आपण ‘मावशी’ म्हणतो. त्या आजोबांना अंघोळ घालतात, डायपर बदलतात, पाठीला पावडर लावतात, रात्री हाक आली की उठतात. त्या घरातल्या इतर कुणीही त्या शरीराला इतकं जवळून हात लावलेला नसतो. आणि ओट्याच्या कडेला त्यांचा कप वेगळा ठेवलेला असतो. नातं लावलंय, हाकही नात्यानेच मारतोय, पण कप वेगळा. मॉन्स्टर रोमान्समध्ये जवळीक आणि आपलेपणा यांच्यातली जी फट पुन्हा पुन्हा दाखवली जाते, ती समजायला मला हा कप सगळ्यात उपयोगी पडला.

कारण त्या केंद्रातही तेच आहे. व्हायोलेट आणि रूर्क नावाचा मिनोटॉर यांची ओळख शरीरापासून सुरू होते. नेहमीच्या प्रेमकथेत आधी नजर, मग बोलणं, मग हात हातात, आणि शरीर सगळ्यात शेवटी. इथे क्रम उलटा. शरीराचं सगळं माहीत आहे, पण तो राहतो कुठे, बोलतो कुणाशी, हसतो कशावर, यातलं काहीच माहीत नाही. म्हणून कादंबरीतली खरी धडधड केंद्राच्या खोलीत नाही, बाहेर आहे. कामाच्या जागेबाहेर तो तिला भेटतो आणि ती कपडे घातलेल्या, आपल्या उद्योगात स्थिरावलेल्या एका गृहस्थाशी कॉफी पिता पिता बोलायचं काय, या विचाराने गांगरते. इथे दोघांपैकी कुणाला मोबदला मिळत नाहीये. प्रेमाची सुरुवात लेखिकेने तिथे धरली आहे, आणि तिची ही निवड मला फार बरोबर वाटते.

एक अडचण मात्र आहे, ती झाकून ठेवणार नाही. ग्राहक आणि नोकर यांच्यातलं प्रेम म्हटलं की विचारायला हवं: तिला ‘नको’ म्हणता येईल का? नोकरीला धक्का न लागता म्हणता येईल का? चांगल्या लेखिका या प्रश्नावर पानंच्या पानं खर्च करतात. बाकीच्या रूर्कसारख्या नायकाला श्रीमंत करून तो सोडवतात. नायिकेचं कर्ज तिच्या कष्टाने फिटत नाही, प्रियकराच्या खिशामुळे ते कथेतून नाहीसं होतं. शिंगवाला असो की शेपटीवाला, त्याचं घर मोठं असतंच. घरभाड्याने बेजार झालेल्या वाचकाला ते का आवडतं, हे मला समजतं, पण ज्या प्रश्नापासून गोष्ट सुरू झाली तो तिथे हातातून निसटतो हेही खरं.

हाच प्रश्न चित्रपटात सगळ्यात नेटका मांडलाय तो गिएर्मो देल तोरो यांच्या ‘द शेप ऑफ वॉटर’ने. २०१७ चा चित्रपट, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ४ ऑस्कर मिळाले. काळ १९६२, गाव अमेरिकेतलं बाल्टिमोर. एलायझा मुकी आहे आणि सरकारी प्रयोगशाळेत रात्रपाळीला साफसफाई करते. तिथे ॲमेझॉन नदीतून पकडून आणलेला एक जलचर, माणसासारखा दोन पायांचा, टाकीत साखळीने बांधून ठेवलाय. तो अधिकाऱ्यांच्या दृष्टीने संशोधनाचा माल आहे, आणि एलायझा त्यांच्या दृष्टीने फरशी पुसणारा हात आहे.

एलायझा रोज कामाला जाण्यापूर्वी अंडी उकडते, गजर लावून. डब्यात नेते. एका रात्री त्यातलं एक अंडं ती टाकीच्या काठावर ठेवते. तो सावकाश पुढे येतो, फिस्कारतो, अंडं उचलून पाण्यात जातो. पुढच्या रात्री ती पुन्हा ठेवते. मग ती त्याला ‘अंडं’ या शब्दाची हाताची खूण शिकवते. एवढंच. पण पाहा, ते अंडं तिच्या डब्यातलं आहे, तिच्या जेवणाच्या सुट्टीतलं आहे. नोकरीतला जो एवढासा वेळ तिचा स्वतःचा आहे, त्यातला वाटा ती त्याला देते. पुढे ती शेजाऱ्याला खुणांनी समजावते, की तो माझ्याकडे पाहतो तेव्हा माझ्यात काय कमी आहे ते त्याला माहीतच नसतं. आणि त्याला पळवून नेताना तिला मदत कोण करतं? तिच्यासोबत फरशी पुसणारी काळी सहकारी, नोकरी गेलेला समलिंगी चित्रकार शेजारी, आणि स्वतःच्या वरिष्ठांना फसवणारा एक शास्त्रज्ञ. धुण्याच्या कपड्यांच्या गाडीतून तो बाहेर काढला जातो. सफाईवाल्यांकडे कुणी बघत नाही, म्हणूनच हे जमतं.

आता जवळिकीकडे येते. या प्रकारात सगळ्यात जास्त शाई कशावर खर्च होत असेल, तर विचारण्यावर. चालेल का, थांबू का, दुखतंय का. दोन वेगवेगळ्या जातींची शरीरं आहेत म्हटल्यावर गृहीत धरता येईल असं काहीच उरत नाही. बोलावंच लागतं. माणसामाणसांच्या प्रेमकथेत जे ‘समजून घेतलं’ म्हणून उडवलं जातं, ते इथे शब्दांत यावं लागतं. त्यामुळे अनेक वाचक बायकांना ही पुस्तकं साध्या प्रेमकथांहून सुरक्षित वाटतात, हे ऐकायला विचित्र असलं तरी त्यात तर्क आहे. इथेही मूळ जुनंच. बोमाँबाईंचं श्वापद मुलीला सांगतं, की या घरात मालकी फक्त तुझी, माझा त्रास वाटला तर जा म्हण, मी लगेच जाईन. रोज रात्री जेवणाच्या वेळी ते तिला विचारतं, माझी बायको होशील का? रोज ती नाही म्हणते. ते सुस्कारा टाकून निघून जातं आणि दुसऱ्या रात्री जेवण तसंच वाढलेलं असतं. नकाराची शिक्षा होत नाही.

याच्या उलट जाणारी एक रूढीही या प्रकारात आहे: ‘नशिबाने बांधलेली जोडी’. ‘आइस प्लॅनेट’मध्ये छातीत एक गुणगुण सुरू होते, आणि ती झाली की हीच तुझी जोडीदार, हे शरीरानेच ठरवून टाकलेलं. एकट्या, टाकलेल्या माणसाला यात केवढा दिलासा आहे! तुला कुणी निवडायची वाटच पाहायची नाही, तू निवडलेलीच आहेस. पण शरीरानेच ठरवलं तर मग विचारण्याला काय अर्थ उरला? जाणत्या लेखिका गुणगुण सुरू होऊनही नायिकेला वेळ मागू देतात. ज्या देत नाहीत, त्यांची पुस्तकं मी अर्ध्यात सोडते.

आपल्या भाषेत याच्याशी जोडलेला एक चमत्कारिक शब्द आहे: राक्षसविवाह. मनुस्मृतीतल्या ८ विवाहप्रकारांपैकी हा एक. मुलीच्या नातलगांना मारून, घर फोडून, रडणाऱ्या ओरडणाऱ्या मुलीला बळाने उचलून न्यायचं. करायचा कुणी? क्षत्रियांनी. म्हणजे माणसांनीच. नाव मात्र राक्षसांचं.

आणि महाभारतातली खरी राक्षसी कशी लग्न करते? लाक्षागृहातून निसटलेले पांडव रानात झोपलेत, भीम पहाऱ्यावर आहे. हिडिंबा तिथे कामावर आलेली असते. भावाने पाठवलंय, ही माणसं मारून आण, खाऊ. भीमाला पाहून ती ते काम सोडते, मला कशासाठी पाठवलंय हे त्याला खरं खरं सांगते आणि तुम्हाला इथून घेऊन जाते म्हणते. भीम तिच्या भावाला मारतो. मग ती कुंतीपुढे हात जोडून उभी राहते आणि परवानगी मागते. परवानगी मिळते, पण अटी घालून. दिवसा भीम तुझा, रात्र पडली की त्याला परत आणून सोडायचं. आणि मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच जन्मतो आणि हिडिंबा निघून जाते. हस्तिनापुरात तिला घर नाही. तिने रूपही बदललेलं आहे, सुंदर मानवी स्त्रीचं घेतलंय. एवढं करूनही ती घरची होत नाही. आजच्या लेखिकेच्या हाती ही कथा दिली तर तिचा पहिला प्रश्न हाच असेल: रात्री त्याला परत का सोडायचं?

शेवट सुखाचा असण्याच्या नियमाने काय फरक पडतो, याचं उत्तम उदाहरणही इथलंच आहे. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून मणी कौल यांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’ केला आणि अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’. नवी नवरी घरात येते, नवरा हिशोबाच्या वहीत बुडालेला, आणि लगेच ५ वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. तिच्यावर भाळलेलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. सगळ्या घराला फसवतं, पण तिला खरं सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोपवतं. नवऱ्याजवळ नाही ते भुताजवळ आहे: वेळ. देथांच्या कथेत भूत पकडलं जातं आणि ती जिवंत माणसाच्या घरात एकटी उरते. पालेकरांच्या चित्रपटात भूत तिच्याकडे परत येतं. पहिली फार मोठी कथा आहे, पण रोमान्सच्या व्याख्येत दुसरीच बसते. मला दोन्ही हव्याशा वाटतात. थकून आलेल्या संध्याकाळी दुसरी.

राहिली गोष्ट आपलेपणाची, आणि माझ्या मते या प्रकाराने सगळ्यात नवं काही केलं असेल तर इथे. जुन्या कथेत श्वापद जंगलातल्या वाड्यात एकटं असतं. ग्रीक पुराणातला मिनोटॉर तर चक्रव्यूहात कोंडलेला होता, त्याला मारायलाच तेवढा नायक आत जातो. नॅस्कोस्टा यांनी त्याच मिनोटॉरला नोकरी, शेजारी आणि मतं असलेला नागरिक केलं. केंब्रिक क्रीक हे त्यांचं गाव वेगवेगळ्या जातींच्या प्राण्यांचं आहे, आणि तिथे बाहेरची आहे ती व्हायोलेट. हा बदल लहान वाटतो, पण वाचताना तो अंगाला जाणवतो. इतकी वर्षं जगातली खुर्ची, दार, पेला, पलंग आपल्या मापाचा होता. इथे टेबलाशी बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत. जगात ज्यांचे पाय कायमच लोंबकळत आलेत, जाड म्हणून, अपंग म्हणून, परक्या वर्णाचे किंवा समलिंगी म्हणून, त्यांच्यातले कितीतरी वाचक या पुस्तकांना चिकटून आहेत.

ट्रॅव्हिस बाल्डरी यांची ‘लेजंड्स अँड लाटेज’ ही २०२२ ची कादंबरी या बाबतीत सगळ्यात सोपी आणि सभ्यही आहे, कुणालाही वाचायला देता येईल. व्हिव ही ऑर्क, म्हणजे कल्पितकथांमधल्या एका दांडग्या राक्षसी जातीची, धिप्पाड, आयुष्यभर भाड्याने तलवार चालवलेली बाई. ती ते काम सोडते आणि थून नावाच्या शहरात जुना तबेला विकत घेऊन कॉफीचं दुकान काढते. त्या शहरात कॉफी हा पदार्थच कुणाला माहीत नाही. मदतीला टँड्री येते. ती सकबस आहे, म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे पुरुषांना भुलवणारी जात. तिला आयुष्यभर लोकांनी तेच मानलंय, आणि तिला तर फलक रंगवायचे आहेत, दुकान नीट चालवायचंय. दोघींना त्यांच्या शरीरावरून एकेक काम चिकटवलेलं आहे, एकीला मारायचं, दुसरीला भुलवायचं. प्रेम हळूहळू, कप धुता धुता होतं. जातीवरून काम ठरवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

या प्रकारात खटकणारंही बरंच आहे. राक्षस बहुतेक वेळा पुरुष, माणूस बहुतेक वेळा गोरी बाई. निळे, अर्धनग्न, ‘रानटी’ पण मनाने निर्मळ पुरुष रंगवताना जुन्या वसाहतकाळातली चित्रं जशीच्या तशी उचलली जातात आणि परग्रहाचं नाव दिलं की ती निर्दोष होत नाहीत. यावर या प्रकारातल्याच लेखिका आणि वाचक आपसात कडाक्याचे वाद घालतात.

पण मला सतत छळतो तो घटोत्कच. जन्मल्यावर तो पांडवांना वचन देतो, आठवण काढाल तेव्हा येईन. आणि येतो. वनपर्वात थकलेल्या द्रौपदीला खांद्यावर घेऊन डोंगर चढतो. द्रोणपर्वात रात्रीच्या युद्धात लढतो, आणि कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती स्वतःच्या छातीवर घेतो. पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो, कारण आता अर्जुन सुरक्षित आहे. कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी म्हणतो आपण. हा कामापुरता मुलगा.

मेरी शेली यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी नेमकं हे पाहिलं होतं. तिच्यातला बिनानावाचा राक्षस एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. आधी त्यांच्यातलं अन्न चोरतो, मग ते स्वतःच उपाशी राहतात हे पाहून चोरी थांबवतो आणि रानातली कंदफळं खातो. घरातला तरुण मुलगा, फेलिक्स, दिवसभर सरपण गोळा करताना दिसतो. तर हा रात्री त्याचीच हत्यारं घेऊन जंगलात जातो आणि कित्येक दिवस पुरेल एवढं सरपण दाराशी रचून ठेवतो. ते लोक म्हणतात, कुणी चांगला आत्मा असावा. पुढे तो धीर करून घरात जातो, आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो, आणि म्हातारा प्रेमाने बोलतोही. तेवढ्यात मुलं येतात आणि फेलिक्स त्याला काठीने झोडपून काढतो. त्यानंतर तो आपल्या निर्मात्याकडे एकच गोष्ट मागतो, माझ्यासारखीच एक सोबतीण बनवून दे. २०० वर्षांनंतरच्या या सगळ्या लेखिका त्याची ती मागणी पुरी करायला बसल्या आहेत, असं मला वाटतं.

वाचायला कुठून सुरुवात करावी असं मला कुणी विचारलं, तर मी ‘फ्रँकेनस्टाइन’ची ११ ते १६ ही प्रकरणं देते, त्यात राक्षस स्वतः बोलतो. सरपणाचा प्रसंग लहान आहे, भराभर वाचलं तर निसटेल. पहिल्यांदा सरपण सापडतं त्या सकाळी ती मुलगी दार उघडते आणि लाकडाचा ढीग पाहून थक्क होते. फेलिक्स त्या दिवशी जंगलात जात नाही. झोपडीची डागडुजी करतो, बागेत काम करतो. आणि खोपटाच्या फटीतून राक्षस त्याला दिवसभर पाहत राहतो.